म्युस्कादे स्युर ली: छोट्या वाइनरीची बाटली कशी निवडावी, कशी वाढावी आणि सोबत काय शिजवावं

ल्वार नदी अटलांटिकला मिळते त्याच्या अलीकडे, फ्रान्समधल्या नाँत शहराच्या आसपास म्युस्कादेचे मळे आहेत. वाइन पांढरी, कोरडी, हलकी. कालवं आणि म्युस्कादे ही जोडी तिथे इतकी ठरलेली आहे की बरेच जण हाताला येईल ती बाटली उघडून कालवांच्या ताटाशेजारी ठेवतात आणि वाइन पाणचट लागली की तिलाच नावं ठेवतात. बहुतेक वेळा दोष ताटातल्या व्हिनेगरचा असतो, नाहीतर फ्रिजचा. ही वाइन बारीक चवीची आहे. तिला काय झेपतं आणि काय नाही, हे दोनच गोष्टींवरून ठरतं: ती यीस्टच्या गाळावर (फ्रेंचमध्ये ‘स्युर ली’) किती काळ ठेवली होती आणि तुमच्या ताटात आंबट किती आहे.

गाळ कशासाठी

द्राक्षाचं नाव मेलाँ द बूर्गोन्य. पिनो आणि गुए ब्लाँ या जातींच्या संकरातून आलेलं, म्हणजे नात्याने शार्दोनेचं भावंड. १७०९च्या हिवाळ्यात या भागातल्या वेली थंडीने मेल्या, आणि नव्या लागवडीत थंडी सोसणाऱ्या मेलाँचं पारडं जड झालं. या द्राक्षाला स्वतःचा सुगंध बेताचाच. थोडं लिंबू, थोडं हिरवं सफरचंद, मागे खारटसर ओल, एवढंच. शिवाय इथे दुसरं किण्वन, ज्यात आम्ल मवाळ होतं, सहसा होऊ देत नाहीत, त्यामुळे हिरव्या सफरचंदात असतं तेच मॅलिक आम्ल वाइनमध्ये जसंच्या तसं राहतं आणि आंबटपणा टोकदार लागतो.

अशा वाइनला अंगभरणी मिळते ती गाळातून. किण्वन संपलं की मेलेलं यीस्ट टाकीच्या तळाशी बसतं. बाकी बऱ्याच ठिकाणी वाइन लवकर वर काढून घेतात, इथे ती हिवाळाभर त्याच गाळावर ठेवतात. यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, त्यांतले पदार्थ वाइनमध्ये उतरतात आणि तोंडात वाइन जरा भरीव, किंचित पावासारखी लागते. गाळ प्राणवायू शोषून घेतो म्हणून ती ताजी राहते. वाइन हलवलेली नसल्यामुळे किण्वनातला थोडा कर्बवायूही तिच्यात अडकून राहतो, आणि ताज्या बाटलीत जिभेवर बारीक चुरचुर जाणवते. गावोगावच्या जुन्या वाइनऱ्यांमध्ये यासाठी जमिनीखालच्या काँक्रीटच्या टाक्या असतात. जमीन तापमान स्थिर ठेवते आणि ओकच्या लाकडाचा वास मध्ये येत नाही.

लेबलवर ‘स्युर ली’ लिहायचं तर नियम पाळावे लागतात. वाइनने एक हिवाळा गाळावर काढलेला हवा, द्राक्षतोडीनंतरचा मार्च उजाडण्याआधी ती बाटलीत भरता येत नाही, आणि जिथे तयार झाली त्याच तळघरात भरावी लागते.

लेबल वाचताना

आधी ‘स्युर ली’ हे शब्द शोधा. नुसतं ‘म्युस्कादे’ लिहिलेली बाटली स्वयंपाकाला चालते, पण जेवणासोबत प्यायला तिचा जीव थोडा. मग भाग बघा. ‘म्युस्कादे सेव्र ए मेन’ हा नाँतच्या आग्नेयेचा पट्टा सगळ्यात मोठा आणि चांगले छोटे उत्पादकही तिथेच सर्वाधिक. ‘कोत द ग्राँल्यू’ हा नैर्ऋत्येकडचा, तळ्याकाठचा भाग. तिथल्या वाइन सहसा जरा मऊ असतात.

बाटली छोट्या मळेवाल्याचीच आहे का, हे ओळखणं तसं सोपं आहे. ‘मी आँ बुतेय ओ दोमेन’ किंवा ‘ओ शातो’ लिहिलं असेल तर मळा आणि बाटली भरणारा एकच. ‘आ ला प्रोप्रिएते’ या शब्दांवर मात्र पूर्ण विसंबू नका, कारण ते सहकारी संस्थाही वापरू शकतात. एक माणूस खांद्यावर पिंप घेऊन चालला आहे असं चित्र दिसलं तर ते स्वतंत्र मळेवाल्यांच्या संघटनेचं चिन्ह. झाकणाच्या टोपीवर फ्रेंच करशिक्का असेल आणि त्यात ‘आर’ अक्षर असेल तर भरणारा स्वतः द्राक्षं पिकवणारा आहे, ‘एन’ असेल तर व्यापारी. हा शिक्का आता सक्तीचा नाही आणि परदेशी जाणाऱ्या बाटल्यांवर बहुधा नसतोच, तेव्हा नसल्यास शंका घेऊ नका. पत्त्यातल्या पिनकोडचे पहिले दोन आकडे ४४ असतील तर ल्वार-आत्लांतिक जिल्हा. मळ्यांचा मोठा भाग त्यातच येतो.

आता तिसरी पायरी, जी बहुतेक लोक सोडून देतात. लेबलवर क्लिसाँ, गॉर्ज किंवा ल पाले असं गावाचं नाव आहे का? २०११मध्ये या तीन गावांना स्वतंत्र दर्जा मिळाला, नंतर आणखी काही गावांची भर पडली. या वाइन गाळावर एका हिवाळ्याऐवजी गावानुसार साधारण दीड ते दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ राहतात. क्लिसाँची जमीन ग्रॅनाइटची, गॉर्जची गॅब्रो या गडद खडकाची. क्लिसाँ गोलसर आणि पिकल्या फळांकडे झुकणारी, गॉर्ज ताठ आणि धुरकट. या बाटल्या दहा वर्षंही टिकतात. साधी स्युर ली मात्र द्राक्षतोडीपासून दोन-तीन वर्षांत संपवावी. साल जुनं म्हणजे वाइन भारी, हा हिशोब तिला लागू नाही.

पुढच्या सगळ्या जोड्यांसाठी एवढा फरक धरून चला: साधी स्युर ली कच्च्या आणि खाऱ्या पदार्थांना, गावाच्या नावाची वाइन बटर, साय, कोंबडी आणि चीजला.

गार करणं आणि ओतणं

साध्या स्युर लीला ८ ते १० अंश सेल्सिअस, गावाच्या वाइनला ११ ते १२. फ्रिज ४ अंशांवर असतो. २५ अंशांच्या खोलीतली बाटली फ्रिजमध्ये अडीच ते तीन तासांत योग्य गारव्याला येते. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली असेल तर जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा, गावाची वाइन अर्धा तास. ६ अंशांखाली वास मिटतो आणि नुसता आंबटपणा बोचत राहतो. १३-१४च्या वर साधी वाइन मरगळते.

घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण खड्यांच्या मधली हवा गारवा पोचू देत नाही.

ग्लास मध्यम आकाराचा, तोंडाशी थोडा निमुळता. एका वेळी १०० मिलीच ओता. जास्त ओतलेली वाइन ग्लासातच कोमट होते. ७५० मिलीच्या बाटलीत असे सात ग्लास बसतात.

ताटातलं आंबट

ताटातला पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाण्यासारखी लागते. म्युस्कादेचा पीएच साधारण ३ ते ३.३. व्हिनेगरचा अडीचच्या आसपास, लिंबाच्या रसाचा त्याहूनही कमी. म्हणजे ज्या वाइनला लोक ‘फार आंबट’ म्हणतात ती चमचाभर व्हिनेगरपुढे टिकत नाही. मीठ उलट काम करतं. खाऱ्या घासानंतर वाइनचा आंबटपणा मवाळ होतो आणि तिच्यातलं फळ पुढे येतं. समुद्राच्या पदार्थांशी तिचं जमतं ते मुख्यतः या मिठामुळे. फॅट असेल तर आंबटपणा त्याला कापतो आणि जीभ पुन्हा मोकळी होते. गोड पदार्थ वाइनला रुक्ष आणि कडवट करून टाकतात. तिखटाचं म्हणाल तर अल्कोहोल १२ टक्क्यांच्या आसपासच असल्यामुळे आग फार वाढत नाही, पण इतकी बारीक चव तिखटाखाली दबते आणि पैसे वाया जातात.

कच्ची कालवं

अटलांटिक किनाऱ्यावरची खोल शिंपीची कालवं आकारानुसार क्रमांकाने विकली जातात आणि क्रमांक जितका मोठा तितकं कालव लहान. ३ क्रमांकाचं ६६ ते ८५ ग्रॅमचं असतं, २ क्रमांकाचं ८६ ते ११०. या वाइनला ३ किंवा ४ क्रमांक घ्या. एक घास, एक घोट असं बसतं. माणशी सहा ते नऊ पुरतात.

१. कालवं ओल्या फडक्याखाली, खोलगट बाजू खाली ठेवून ५ ते १० अंशांवर ठेवा. गोड्या पाण्यात बुडवली तर मरतात.

२. फडकं दुमडून हातावर घ्या, कालव सपाट बाजू वर करून धरा, बिजागरी मनगटाकडे. आखूड जाड पात्याची सुरी बिजागरीपासून दोन-तृतीयांश अंतरावर उजव्या कडेने घाला. तिथेच आतला स्नायू असतो. तो कापला की झाकण सुटतं. ताकद लावून उचकटलं तर शिंपीचा चुरा मांसात पडतो, आणि सुरी हातात घुसते ती याच वेळी.

३. पहिलं पाणी ओतून टाका. ते खूप खारट असतं आणि त्यात कचही असते. दहा मिनिटांत कालव नवं पाणी सोडतं, ते चवीला चांगलं.

४. सुरीच्या टोकाने कड हळूच टोचा. जिवंत कालव आक्रसतं. हललं नाही, किंवा वास आला, तर टाकून द्या.

सोबत राय (rye) या धान्याचा पाव आणि खारं बटर, वरून मिऱ्याची चिमूट. शॅलट (छोटा, सौम्य कांदा) घातलेलं व्हिनेगर परंपरेने ठेवतात खरं, पण या वाइनसोबत ते टेबलावर आणूच नये असं आमचं मत. हवंच असेल तर एका कालवावर तीन-चार थेंब लिंबू, त्याहून जास्त नाही. उन्हाळ्यात अंडी धरलेली कालवं दुधाळ आणि मऊ होतात. साधी स्युर ली त्यांच्यापुढे बारीक पडते, तेव्हा गावाची वाइन काढा.

शिणाणे

चौघांच्या जेवणाला २ किलो शिणाणे (मसल्स), १०० ग्रॅम शॅलट बारीक चिरून, ६० ग्रॅम बटर, २०० मिली म्युस्कादे, लॉरेलचं (बे लीफ) एक पान, थाइमची काडी, मूठभर पार्सली. मीठ नाही. शिणाण्यांच्या पोटातलं पाणीच पुरेसं खारट असतं, आणि वरून मीठ घालणं ही या पदार्थातली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

वाहत्या पाण्याखाली घासून शिंपीबाहेर आलेले धागे बिजागरीच्या दिशेने ओढून काढा. फुटलेले टाका. उघडे असतील ते ओट्यावर ठोका, मिटले नाहीत तर तेही टाका. मोठ्या पातेल्यात निम्म्या बटरवर शॅलट पाच मिनिटं मंद परता, रंग येऊ देऊ नका. वाइन, पान आणि थाइम घालून दोन मिनिटं खळाखळा उकळा, म्हणजे अल्कोहोलची धार उतरते. आता आंच पूर्ण मोठी करून शिणाणे घाला, झाकण लावा. पातेलं निम्म्याहून जास्त भरू नका. खालचे शिजून रबरासारखे होतात तेव्हा वरचे अजून उघडलेलेही नसतात. मध्ये एक-दोनदा पातेलं हलवा. चार ते पाच मिनिटांत शिंपा उघडतात, त्या क्षणी गॅस बंद. शिणाणे झाऱ्याने काढून घ्या, रस पातळ फडक्यातून गाळा (वाळू इथेच सापडते), उरलेलं बटर त्यात फेटा, पार्सली आणि मिरी घालून परत शिणाण्यांवर ओता.

भांड्यात आणि ग्लासात एकच वाइन असावी असा काही नियम नाही. भांड्यात बिनगाळाची स्वस्त बाटली चालते, कारण गाळाचा नाजूकपणा उकळताना उडूनच जातो. गावाच्या नावाची वाइन पातेल्यात ओतणं मात्र निव्वळ उधळपट्टी. रसात साय घालायची असेल तर १०० मिलीच्या पुढे जाऊ नका. त्याहून जास्त साय घातली तर ग्लासातही गाळावर जास्त मुरलेली वाइन लागते. तिसऱ्याही याच पद्धतीने होतात, वेळ मिनिटभर कमी. त्या आधी लिटरला ३० ग्रॅम मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवून वाळू सोडवून घ्यावी लागते.

ब्यूर ब्लाँ आणि नदीचा मासा

नाँतजवळच्या साँ-झुलियाँ-द-काँसेल गावातल्या क्लेमाँस लफव्र या स्वयंपाकिणीच्या नावाशी ब्यूर ब्लाँ हा सॉस जोडला जातो, काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. बेआर्नेझ हा अंडं-बटरचा सॉस करताना अंडं घालायला विसरली आणि हा सॉस झाला, अशी दंतकथा सांगतात. सॉस आहे फक्त बटर आणि आंबट अर्क यांचा, त्यामुळे फाटायला वेळ लागत नाही.

६० ग्रॅम शॅलट अगदी बारीक चिरा. ८० मिली म्युस्कादे आणि ४० मिली पांढरं व्हिनेगर घालून मंद आंचेवर दीड चमचा ओल उरेपर्यंत आटवा. पुरतं कोरडं केलं तर बटर धरून ठेवायला पाणीच उरत नाही. फ्रिजमधलं गार बटर २०० ग्रॅम, दोन सेंटिमीटरचे तुकडे करून, दोन-तीन तुकडे एका वेळी घालत फेटत राहा. आधीचे विरघळत आले की पुढचे. सॉस ५५ ते ६० अंशांवर राहायला हवा. हात लावला तर गरम लागावा, चटका बसू नये. कडेला तेल सुटायला लागलं की समजा तो तापला. लगेच खाली उतरवा, चमचाभर गार पाणी किंवा गार साय घालून जोरात फेटा, बहुधा परत जमून येतो. उकळला असेल तर मात्र नव्याने करावा लागतो. तयार सॉस कोमट पाण्याच्या भांड्यात अर्धा तास तग धरतो.

सोबत ल्वारमधला पाईक किंवा झँडर मासा. पाण्यात थोडी म्युस्कादे, गाजर, कांदा, मीठ घालून वीस मिनिटं उकळा, मग ८० अंशांवर आणून मासा सोडा. अडीच सेंटिमीटर जाडीला साधारण दहा मिनिटं. पाण्याला उकळी फुटली तर मासा कोरडा पडतो. पाईकमध्ये बारीक काटे फार असतात, शंका असेल तर झँडरच घ्या.

इथे क्लिसाँ किंवा ल पाले, तीन ते सहा वर्षं जुनी, ११-१२ अंशांवर. बटर तिच्या अंगाला पेलतं आणि आंबटपणा बटर कापतो. व्हिनेगर मात्र ४० मिलीच्या वर नेऊ नका. तेवढ्या आंबटापुढे ही वाइनसुद्धा निस्तेज लागते.

बाकीचे पदार्थ, थोडक्यात

भाजलेले सार्डिन साध्या स्युर लीसोबत उत्तम. तांबड्या वाइनमध्ये लोह जास्त असेल तर तेलकट माशाचा वास धातूसारखा होतो, इथे ती अडचण सहसा येत नाही. उकडलेला खेकडा आणि कोळंबीला खारं बटर द्या, मेयोनीज कमी. नाँतच्या आसपास पिकणाऱ्या माश या कोवळ्या पानांच्या सॅलडला चार भाग तेलात एकच भाग व्हिनेगर, आणि शक्य असेल तर व्हिनेगरऐवजी वाइनच.

पोर्निकमधलं क्युरे नाँते हे गाईच्या दुधाचं, साल धुतलेलं चीज वासाला उग्र आहे. साधी वाइन त्याच्यापुढे कडू होते, गॉर्ज टिकते. बकरीचं ताजं चीज दोन्हींना चालतं. रममध्ये भिजवलेला बदामी केक, गातो नाँते, जेवणाच्या शेवटी येतो तेव्हा म्युस्कादेचे ग्लास उचलून घ्या. गोडानंतरचा एक घोट आधीच्या सगळ्या जेवणाची चव बिघडवतो.

बाटलीत काही वेगळं दिसलं किंवा लागलं तर

काचेसारखे खडे तळाशी किंवा बुचाला दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक. छोट्या वाइनऱ्या बऱ्याचदा वाइन शून्याखाली थंड करून हे स्फटिक आधीच पाडत नाहीत, म्हणून ते तुमच्या फ्रिजमध्ये पडतात. निरुपद्रवी. धुरकट गढूळपणा असेल तर बाटली दिवसभर उभी ठेवा आणि शेवटचा अर्धा ग्लास ओतू नका.

बारीक चुरचुर असायलाच हवी. नको वाटली तर ग्लास दहा-बारा वेळा फिरवा. पण बूच उडालं, फेस आला आणि वास ताकासारखा असेल तर वाइन बाटलीतच पुन्हा आंबली आहे. ती परत करा.

काडेपेटीच्या विझलेल्या काडीसारखा वास गाळावर राहिलेल्या वाइनला येऊ शकतो. अर्धा तास जगमध्ये ओतून ठेवली की बहुधा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरातल्या बुरशीचा वास मात्र हवेने जात नाही, उलट वाढतो. तो बुचाचा दोष, बाटली बदलून मागा. रंग सोनेरी-तपकिरी आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा झाला असेल तर हवा लागली आहे. साध्या स्युर लीत हे जास्त वर्षं ठेवल्यामुळेही होतं. पिऊ नका, स्वयंपाकातही घालू नका, कारण तो वास आटवल्यावर आणखी दाट होतो.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. साधी वाइन दोन दिवस बरी राहते, चुरचुर पहिल्याच दिवशी संपते. गावाची वाइन दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा अधिक मोकळी लागते, चौथ्या दिवसापर्यंत चालते. त्यापलीकडची वाइन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ३० मिलीचे तीन तुकडे म्हणजे पुढच्या ब्यूर ब्लाँची वाइन.